परतीच्या वाटेतले सांधे: कॅरिबियन क्रूझमध्ये कुठे आपापलं फिरावं, कुठे जहाजाची टूर घ्यावी

क्रूझचं बुकिंग झालं की थोड्याच दिवसांत कंपनीच्या ईमेल सुरू होतात. कोझुमेलला बीचवर दिवस, ग्रँड केमनला स्टिंगरे (चपटे, काटेरी शेपटीचे मासे), जमैकाला धबधबा, आणि प्रत्येक टूरखाली माणशी डॉलरचा आकडा. चौघांच्या कुटुंबाने तीन बंदरांत तीन टूर टिकमार्क केल्या की बेरीज बघून घाम फुटतो. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी सांगतं, "वेडे आहात का, बाहेर टॅक्सी करा, अर्ध्यात होतं." लगेच दुसरं कोणीतरी धक्क्यावरून धावत सुटलेल्या जोडप्याचा व्हिडिओ टाकतं, समोर जहाज निघून चाललेलं. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त वेगवेगळ्या बंदरांबद्दल.

आमच्या मते याचा निकाल पैशावरून लावू नये आणि "आम्हाला बाई बसमधून मेंढरांसारखं फिरायला आवडत नाही" यावरूनही लावू नये. प्रत्येक बंदरासाठी एकच गोष्ट मोजावी: जिथे जायचंय तिथून जहाजाच्या शिडीपर्यंत परत येताना वाटेत सांधे, म्हणजे अडकण्याच्या जागा, किती? टेंडर बोट, म्हणजे बाहेर थांबलेल्या जहाजातून किनाऱ्यावर नेणारी लहान बोट, हा एक सांधा. फेरी हा दुसरा. एकेरी वळणावळणाचा डोंगररस्ता तिसरा. चालत परत येता येत असेल तर सांधा शून्य, साधी टॅक्सी असेल तर एक. शून्य किंवा एक असेल तर खुशाल आपापलं जावं. दोन झाले की कागदावर वेळ मांडून बघावी. तीन झाले की जहाजाची टूर घ्यावी आणि पैशांबद्दल कुरकुर करू नये, कारण त्या पैशात तुम्ही सहल कमी आणि परतीची हमी जास्त विकत घेत असता.

ती हमी नेमकी काय, हे नीट समजून घ्या. जहाजाकडून घेतलेल्या टूरची बस अडकली, तर जहाज थांबतं. थांबणं शक्यच नसेल, तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय आणि खर्च सहसा कंपनी करते. पण टूर अर्ध्यात सोडून "आम्ही जरा बाजारात थांबतो, नंतर येऊ" म्हणालात की त्या क्षणी हमी संपली. दुसरं म्हणजे, टूर चालवणारा माणूस कंपनीचा नसतोच. तो तिथलाच स्थानिक व्यावसायिक, बऱ्याचदा बाहेरून थेट बुकिंगही घेणारा. कंपनी मधला वाटा घेते आणि तिकिटामागच्या अटींत स्पष्ट लिहिते की अपघात वगैरे झाल्यास तो स्वतंत्र ठेकेदार आहे. म्हणजे जहाजाची टूर जास्त सुरक्षित, हा समज अर्धाच खरा. वेळेची जबाबदारी कंपनी घेते, बाकीची फारशी घेत नाही.

आणि त्या हमीची किंमत वेळेतही मोजावी लागते. सकाळी थिएटरमध्ये जमा, छातीवर नंबरचं स्टिकर, चाळीस-पन्नास जणांची बस भरेपर्यंत वाट, वाटेत "दहा मिनिटं" म्हणून दागिन्यांच्या दुकानापाशी थांबा. चार तासांच्या टूरमध्ये मूळ ठिकाणी दीड तास मिळाला तर बरं म्हणायचं.

आधी घड्याळ

जहाज चुकण्यामागे ट्रॅफिक असतो, दारू असते, आणि एक निव्वळ मूर्खपणाचं वाटणारं कारण असतं: घड्याळ. जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ एकच असेल असं नाही. काही जहाजं बंदरानुसार घड्याळं बदलतात, काही निघालेल्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत ठेवतात. "शेवटचा माणूस आत" ही जी वेळ जाहीर होते, सहसा सुटायच्या अर्धा तास आधीची, ती जहाजाच्या घड्याळाची असते.

आता हिशेब बघा. कोझुमेल आणि कोस्टा माया ज्या राज्यात आहेत त्या मेक्सिकोच्या किंताना रू राज्याने 2015 पासून उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ तासभर पुढेमागे करणं बंद केलं; अमेरिकेत ते अजून करतात. जमैका आणि केमनही वर्षभर एकच वेळ पाळतात. उन्हाळ्यात मायामीहून निघालेल्या आणि घड्याळ न बदललेल्या जहाजावर साडेचार वाजलेले असतात तेव्हा कोझुमेलच्या दुकानातल्या भिंतीवर साडेतीन असतात. बेलीझ आणि रोआतान त्याहून एक तास मागे. तिथे भिंतीवर अडीच आणि जहाजावर साडेचार! खिशातला मोबाइल स्थानिक टॉवर पकडतो आणि गुपचूप वेळ बदलतो, त्यामुळे मोबाइलवर विसंबलेला माणूस अगदी निवांत आइस्क्रीम खात बसतो. पूर्वेकडच्या बेटांवर, म्हणजे सेंट मार्टिन, सेंट थॉमस, बार्बाडोस या बाजूला, हिवाळ्यात उलट असतं. तिथलं घड्याळ फ्लोरिडाच्या तासभर पुढे, त्यामुळे चूक झालीच तर तुम्ही तासभर लवकर पोचता. धोका पश्चिमेच्या बंदरांत आहे.

उपाय अगदी जुना आहे. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं आणि त्याला दिवसभर हात लावायचा नाही. मोबाइल एअरप्लेन मोडवर, नकाशे आधीच डाउनलोड केलेले. शिडी उतरताना दारात वेळेचा फलक असतो, त्याचा फोटो काढायचा. रोजच्या माहितीपत्रकात पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, फोन नंबर छापलेला असतो, त्याचाही.

कोझुमेल: एकाच बंदराची दोन उत्तरं

कोझुमेलला तीन धक्के आहेत. पुंता लांगोस्ता हा सान मिगेल गावातच उघडतो, उतरलात की रस्ता ओलांडून बाजारात. बाकीचे दोन, इंटरनॅशनल आणि पुएर्ता माया, गावापासून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला. तुमचं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार हे काही आठवडे आधी बंदराच्या वेळापत्रकात दिसतं, आणि त्या दिवशी आणखी किती जहाजं आहेत हेही. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. सहा जहाजं असलेल्या दिवशी दुपारी तीननंतर टॅक्सीची रांग बघण्यासारखी असते.

बेटावरच राहायचं असेल तर इथे जहाजाची टूर घेणं म्हणजे पैसे वाया. पश्चिम किनाऱ्यावर ओळीने बीच क्लब आहेत, त्यातले बरेच जण दिवसाचा पास विकतात: खुर्ची, छत्री, पोहण्याचा तलाव, खाणं-पिणं सगळं त्यात. जहाजाच्या "बीच ब्रेक" टूरचे लोक बऱ्याचदा त्याच क्लबात, शेजारच्याच खुर्चीवर असतात. पास ऑनलाइन घ्या, धक्क्याच्या दारातून टॅक्सी करा, झालं. टॅक्सीचे दर अंतरानुसार ठरलेले असतात आणि ते गाडीमागे असतात, माणशी नव्हे. तरी बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: दर गाडीचा की माणशी, जाण्याचा की जाऊन-येऊन, डॉलर की पेसो. पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच लिहितात, आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

आता त्याच धक्क्यावरून तुलुमला जायचं म्हणा. निळ्या समुद्राच्या कड्यावरचं माया लोकांचं ते शहर मुख्य भूमीवर आहे, बेटावर नव्हे. जहाज सकाळी आठला लागतं आणि पाचला सुटतं असं धरू. आठला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी येऊन शिडी उघडेपर्यंत सव्वाआठ-साडेआठ होतात. टॅक्सीने फेरीच्या धक्क्यावर, तिकीट, रांग: नऊ. फेरीला प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तास. तिथे चालत जाऊन तुलुमची व्हॅन पकडायची, साठेक किलोमीटर, एक तास. महामार्गापासून अवशेषांपर्यंत पुन्हा चाल, शिवाय आता जग्वार राष्ट्रीय उद्यानाचं वेगळं शुल्क आणि वेगळी रांग. प्रत्यक्ष दगडांसमोर उभे राहता तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. दीड तास बघितलंत, एकला निघालात, तीन तास परतीचे. चार. शेवटची वेळ साडेचार. हातात अर्धा तास, आणि वाटेत टॅक्सी, फेरी, व्हॅन, पुन्हा टॅक्सी. एक फेरी चुकली की खेळ खलास.

हिवाळ्यात आणखी एक भानगड. उत्तरेकडून थंड वाऱ्याचा झोत आला, ज्याला तिथे नोर्ते म्हणतात, की बंदर अधिकारी फेऱ्या थांबवू शकतात. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद होते तसंच, फक्त इथे आधी सूचना नसते. सकाळी समुद्र शांत होता म्हणून पलीकडे गेलात आणि दुपारी वारा सुटला, तर पोहून येणं हाच पर्याय. म्हणून तुलुम हवंच असेल तर जहाजाची टूर घ्या. चिचेन इत्सा तर त्याहून कितीतरी लांब, त्यासाठी क्रूझच्या दिवसावर आपापलं जायचा विचारही करू नये. अवशेषच बघायचे असतील तर बेटावर सान हेर्वासिओ आहे: लहान, देखणेपणात तुलुमच्या पासंगालाही न पुरणारं, पण टॅक्सीने जाऊन अर्ध्या दिवसात परत येता येतं.

स्कूटर भाड्याने घेऊन बेटाला वळसा घालायची कल्पना आपल्याकडच्या लोकांना फार भुरळ घालते, गोव्यात केलेलं असतं ना. पूर्व किनाऱ्याचा रस्ता सुंदर आहे, पण तिकडे पेट्रोल पंप नाही, वारा आडवा लागतो, आणि भाड्याच्या स्कूटरचा विमा नेमकं काय भरून देतो हे बहुतेकांना पडल्यावरच कळतं. जायचंच तर चारचाकी घ्या.

जिथे जहाज धक्क्याला लागतच नाही

ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. तिथल्या लोकांनी 2025 च्या सार्वमतात तो नाकारलाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, माणसं किनाऱ्यावर नेतात. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये चढताना जसा एक पाय धक्क्यावर आणि एक हवेत असतो, तसाच प्रकार. आई-वडील सोबत असतील आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर हा क्षण आधी डोक्यात आणून ठेवा. खलाशी हात धरतात, पण व्हीलचेअर लाटांत नेऊ देतीलच असं नाही.

टेंडरवर पहिला मान जहाजाच्या टूरवाल्यांचा. आपापलं जाणाऱ्यांना नंबर घेऊन थांबावं लागतं, मोठ्या जहाजावर तास-दीड तासही. त्यामुळे बाहेरच्या बोटवाल्याशी सकाळी नऊची वेळ ठरवून ठेवणं चुकीचं. साडेदहा-अकराची ठरवा. हे सांभाळलंत तर केमनला स्टिंगरेंसाठी बाहेरचा बोटवाला हाच उत्तम सौदा आहे. टेंडरच्या धक्क्याजवळून ते व्हॅनने नॉर्थ साउंडच्या बाजूला नेतात, तिथून बोट, आणि समुद्राच्या मधोमध कमरेएवढ्या पाण्यातला वाळूचा उंचवटा. वाळूत पाय उचलून टाकायचा नाही, घासत घासत पुढे सरकवायचा. माशाला आधी चाहूल लागते आणि तो बाजूला होतो; वरून पाय पडला तर शेपटीचा काटा लागतो. लहान बोटीत पंधरा-वीस माणसं असतील तर नावाडी हे नीट शिकवतो. जहाजाच्या टूरमध्ये बोट मोठी, आणि मागच्या रांगेतल्यांना सूचना ऐकूच येत नाही. हा फरक पैशापेक्षा मोठा आहे.

अडचण वाऱ्याची. वायव्येचा वारा असेल तर जहाज कधी बेटाच्या दक्षिण बाजूला स्पॉट्स इथे माणसं उतरवतं आणि कधी सरळ पुढे निघून जातं. बंदरच रद्द झालं तर जहाजाच्या टूरचे पैसे आपोआप खात्यात परत. बाहेरच्या बोटवाल्याचं तसं नसतं. क्रूझच्या प्रवाशांवर पोट असलेले बहुतेक जण "जहाज आलं नाही तर पैसे नाहीत" ही अट मान्य करतात, पण ती ईमेलवर लिहून घ्या. तिथेच दुसरा प्रश्न विचारा: स्पॉट्सला उतरवलं तर न्यायला येणार का? या दोन प्रश्नांवर जो आडवळणाने उत्तर देतो त्याला सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

केमनमध्ये हॉटेलचं मेन्यूकार्ड बघून "अरे, स्वस्त आहे" असं वाटलं तर थांबा. ते केमन डॉलरमध्ये असतं. एक केमन डॉलर म्हणजे एक डॉलर वीस सेंट, आणि दुकानदार हिशेब करताना सव्वा डॉलर धरतो.

बेलीझ सिटीला हेच सगळं मोठ्या प्रमाणात. प्रवाळाच्या उथळ पाण्यामुळे जहाज किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर दूर थांबतं, वेगवान बोटीलाही वीसेक मिनिटं लागतात, आणि शेवटची टेंडर जहाजाच्या सुटायच्या बरीच आधी असते. त्यात दोन तासांपर्यंतचा घड्याळाचा घोळ. गुहेतल्या नदीवर ट्यूबमध्ये बसून तरंगायचं असेल तर नोहोच चेएनपर्यंत तासाभराहून जास्त रस्ता. टेंडर, महामार्ग, घड्याळ: तीन सांधे. तरीही बेलीझमध्ये अनेक वर्षं फक्त क्रूझवाल्यांनाच फिरवणारे चांगले स्थानिक लोक आहेत, छोटी व्हॅन, दहा-बारा माणसं. आमचा कल असा: जोडपं असाल आणि चटचट चालणारे असाल तर त्यांच्याबरोबर जा, पण शेवटच्या टेंडरच्या किमान दोन तास आधी धक्क्यावर आणून सोडू, हे त्यांच्या तोंडून आधी काढून घ्या. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर जहाजाची टूर.

शून्य सांध्यांची बंदरं

इथे फार लिहिण्यासारखं काही नाही. नासाऊला जहाजातून उतरलं की बे स्ट्रीट. क्वीन्स स्टेअरकेसच्या दगडी पायऱ्या, फोर्ट फिनकॅसल, जंकानू बीच सगळं पायी. बहामाचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा, सुटे बहामाचे मिळाले तर तिथेच खर्च करा. अरुबाला धक्क्यासमोरच बसचं टर्मिनल आहे, तिथून ईगल बीच आणि पाम बीचला बस. कुरासाओला मोठ्या धक्क्यावरून चालत 1888 सालच्या तरंगत्या पुलापर्यंत जायचं. मोठी बोट आली की पूल दारासारखा बाजूला फिरतो, माणसं अडकतात, आणि तेवढ्या वेळात फुकट फेरी सुरू होते. पोर्तो रिकोच्या सान हुआनला दोन्ही किल्ल्यांचं मिळून दहा डॉलरचं एकच तिकीट चोवीस तास चालतं. तिथे फक्त एवढं बघा की जहाज जुन्या शहराच्या धक्क्याला आहे की खाडीपलीकडच्या पॅन अमेरिकन धक्क्याला, कारण दुसरीकडून चालत जाता येत नाही.

या बंदरांत "शहर दर्शन" नावाची टूर घेणं म्हणजे स्वतःच्या गल्लीत रिक्षा करणं.

सेंट मार्टिन नकाशात शून्य सांध्यांचं वाटतं, पण सगळ्यांना जायचं असतं माहो बीचला, डोक्यावरून विमानं उतरताना बघायला. अंतर दहा-बारा किलोमीटर. सकाळी अर्धा तास. दुपारी फिलिप्सबर्गकडे परत येताना तोच रस्ता तासाहून जास्त खातो, कारण सिम्पसन बेचा पूल ठरलेल्या वेळी बोटींसाठी उघडतो आणि दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबतात. युरोपातून येणारी मोठी विमानं दुपारी येतात, म्हणजे मोहात पाडणारी वेळ आणि ट्रॅफिकची वेळ जवळजवळ एकच. विमानतळाचं वेळापत्रक आणि पुलाची वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि तीन वाजता, पुढचं विमान कितीही मोठं असलं तरी, टॅक्सीत बसा. कुंपणाला धरून उड्डाण घेणाऱ्या विमानाचा झोत अंगावर घेण्याचा वेडेपणा करू नये. 2017 मध्ये तिथे एका पर्यटक महिलेचा त्यानेच मृत्यू झाला.

जमैकाबद्दल एकच: बंदर कुठलं ते बघा. ओचो रिओसला जहाज लागत असेल तर डन्स रिव्हर धबधबा टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर, प्रवेश परदेशी प्रौढांना पंचवीस डॉलर. फालमथला लागत असेल तर तोच धबधबा तासाहून जास्त लांब. टॅक्सी लाल नंबरप्लेटचीच घ्या, तीच परवानाधारक. धबधबा पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि खालून वर साधारण 180 मीटर लांबीची चढण चढत जायचं असतं. दगड शेवाळलेले, म्हणून घट्ट बसणारे पाण्यातले बूट घरून न्या. तिथे भाड्याने मिळतात पण पायाला होतीलच असं नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मेलिसा चक्रीवादळाने जमैकाच्या पश्चिम भागाची दाणादाण उडवली, त्यामुळे जाण्याआधी कुठलं ठिकाण उघडं आहे ते पक्कं करा.

भारतीय पासपोर्ट असेल तर

इंग्रजी ब्लॉगवर सर्रास लिहिलेलं असतं की क्रूझला जन्मदाखला पुरतो. तो अमेरिकन नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर चालणाऱ्यांनी हे वाक्य विसरून जावं. अमेरिकेतून निघून अमेरिकेत परत येणारी क्रूझ म्हणजे देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश. भारतातून आलेल्या पालकांचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांचा पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर जास्त जपून: संपलेल्या शिक्क्यावर तीस दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे ती त्यांना मेक्सिको आणि कॅनडापुरतीच आहे, कॅरिबियन बेटांना नाही. बेटांची मुभा एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांना. एका बहामाच्या थांब्याने सगळं गणित बिघडतं.

आता याचा टूरशी संबंध. क्रूझचे प्रवासी म्हणून काही देश दिवसभरासाठी व्हिसाची अट बाजूला ठेवतात. जहाज चुकलं की तुम्ही क्रूझचे प्रवासी राहत नाही, साधे परदेशी होता, आणि पुढच्या बंदराच्या देशात विमानाने जायला वेगळा व्हिसा लागू शकतो. अमेरिकन शेजाऱ्याला जहाज चुकणं म्हणजे एक महागडं विमानाचं तिकीट. आपल्याला ते तिकीट आणि वर कागदपत्रांची दगदग. म्हणून आपण परतीच्या वेळेत जरा जास्तच फट ठेवावी: धक्क्याच्या बंदरात दीड तास, टेंडरच्या बंदरात दोन.

मूळ पासपोर्ट सोबत न्यावा का? कंपनीची किंवा त्या बंदराची सक्ती नसेल तर नेऊ नये, असं आमचं ठाम मत. अमेरिकन व्हिसा असलेला भारतीय पासपोर्ट बीचवर हरवला तर आधी भारतीय दूतावास, मग अमेरिकन, आणि तेही कदाचित दुसऱ्या बेटावर. रंगीत प्रत, फोनमध्ये फोटो, जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र पुरतं. मूळ पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवा, बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून नको. कारण कोणी मागे राहिलं तर जहाजाचे लोक सहसा तिजोरी उघडून पासपोर्ट पोर्ट एजंटकडे ठेवून जातात. ते बॅगा उचकत बसणार नाहीत.

शाकाहारी असाल तर जहाजाच्या टूरमधलं "जेवण समाविष्ट" हे शब्द फारसे मनावर घेऊ नका. बहुतेकदा कोंबडी आणि भात असतो, आणि मेक्सिकोत साध्या दिसणाऱ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी घातलेली असू शकते. "सिन मांतेका" म्हणजे चरबी नको, एवढे दोन शब्द पाठ करा. घरचे ठेपले जहाजावर चालतील, पण उघडं अन्न, फळं, सँडविच किनाऱ्यावर उतरवायला बहुतेक बंदरांत मनाई असते. कंपनीच्या बंद पाकिटातला खाऊच बरोबर घ्या. पूर्वेच्या बेटांवर मात्र चैन आहे. तिथे रोटीची दुकानं असतात, गिरमिट्यांबरोबर, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर, गेलेली डाळपुरी तिथे बटाटा-चण्याच्या रश्श्यासकट गुंडाळून मिळते.

त्याच बाजूची एक गोष्ट जहाजाच्या टूरच्या यादीत सहसा शोधूनही सापडत नाही, आणि आपल्या माणसाला तीच हवी असते. अँटिग्वात हेरिटेज की धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जुनं रिक्रिएशन ग्राउंड लागतं. लाराचे 375 आणि 400 दोन्ही इथलेच, आणि 2002 मध्ये फुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून कुंबळेने गोलंदाजी केली तीही इथेच. बार्बाडोसला ब्रिजटाउनच्या बंदरातून केन्सिंग्टन ओव्हल चालण्याच्या अंतरावर आहे, जिथे 29 जून 2024 ला रोहित शर्माच्या संघाने टी-20 विश्वचषक जिंकला. ओव्हल बघून पुढे समुद्रावर जायचं तर झेडआर नंबरप्लेटच्या पांढऱ्या, किरमिजी पट्ट्याच्या व्हॅनला हात करा. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन. गाणी कर्कश, वेग आपल्या वडापसारखा. सुटे जवळ ठेवा. आणि रस्ता ओलांडताना सावध: इथे गाड्या भारतासारख्या डाव्या बाजूने चालतात. पुण्याहून आलेले आई-बाबा बरोबर उजवीकडे बघून पुढे जातात. न्यू जर्सीत पंधरा वर्षं काढलेला मुलगाच डावीकडे बघत पाय टाकतो.